वाकड्या शेपटीचा पोपट

बेसा गावातून दक्षिणेकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, आता जिथे चौदा मजली टॉवरचं फाटक आहे त्याच्या शेजारी, एक मैलाचा दगड आहे. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. कुत्री तेवढी पाय वर करून जायची. मग एका आठवड्यात कुणीतरी येऊन त्याच्यावरचे चुन्याचे थर खरवडले, आणि सोमवारी सकाळी त्याच्याभोवती लोखंडी साखळी आली, बाजूला निळा बोर्ड आला, बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत इतिहास आला. इतिहास असाच येतो म्हणा, ठेकेदाराच्या टेम्पोतून.

बाबाराव लांजेवार दुधाची पिशवी हातात घेऊन तिथे थांबले. वय एकाहत्तर. रस्त्याच्या खात्यात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची वीस मुकादम म्हणून. बोर्ड दिसला की तो वाचायचा, ही त्यांची खोड नोकरीतलीच.

‘ऐतिहासिक मैलाचा दगड. अंदाजे इ.स. १८६०. शिलेवर कोरलेली तुळस व पोपटांची जोडी हा त्या काळच्या शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना असून, डाव्या पोपटाची वळलेली शेपटी प्रवाशांना दक्षिण दिशा दर्शवते. कारागीर : अज्ञात.’

खाली वारसा मंडळाचं नाव, अध्यक्षांचं, उपाध्यक्षांचं, सल्लागार डॉ. हिमानी मॅडमचं, देखरेख करणाऱ्या इंजिनिअर रोहितचं, आणि बोर्ड बनवणाऱ्या दुकानाचं सुद्धा, फोन नंबरासकट. एका दगडामागे इतकी माणसं ज्ञात. अज्ञात काय तो एकटा कारागीर.

बाबारावांनी बोर्ड तीनदा वाचला. तिसऱ्यांदा त्यांच्या डोक्यात अशी तिडीक गेली की दुधाची पिशवी त्यांनी साखळीच्या खांबावर आपटली. पिशवी फुटली. कारण तो दगड त्यांनी स्वतः घडवला होता. १८६० साली नव्हे, १९८६ साली. बाभळीखाली बसून, दोन दिवसांत.

घरी आले ते पांढरे पाय घेऊन.

"दूध कुठं हाय?" यमुताईंनी विचारलं.

"मी अज्ञात हाय म्हनते!"

"कोन म्हनते?"

"बोर्ड म्हनते!"

यमुताई न्हाणीत कपडे धूत होत्या. त्यांनी हातातली पॅन्ट दगडावर आणखी दोनदा आपटली, पिळली, आणि मग सगळं ऐकून घेतलं. बाईचा स्वभाव असा की आधी हातातलं काम, मग नवरा. ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या पुढ्यातल्या दगडाकडे बोट केलं.

"कोनाले सांगजा नोका. हे काय हाय माहीत हाय ना तुमाले?"

बाबाराव आधी बाहेरचं दार लावून आले. कारण खरा जुना दगड, इंग्रजांच्या काळातला की आणखी कुणाच्या देव जाणे, तो हा होता. यमुताई ज्याच्यावर रोज कपडे आपटत होत्या, तो.

झालं होतं असं. शहाऐंशी साली कुहीकडून धान घेऊन येणारा एक ट्रक त्या दगडावर आदळला. दगडाचे दोन तुकडे झाले. वरचा नाल्यात गेला, अक्षरं असलेला खालचा उखडून रस्त्यात पडला. आणि तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने मंत्र्यांचा दौरा. तेव्हाच्या साहेबांनी घाम पुसत फर्मावलं, नवा दगड बसव, पण तो जुनाच दिसला पाहिजे, नाहीतर कसा तुटला म्हणून चौकशी लागेल. बाबारावांच्या मामांचा पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायचा धंदा होता. भाच्याच्या हातातही ती टाकी लहानपणापासून बसलेली. त्यांनी काळा दगड आणला, जुन्यावरून ‘कुही २२ मैल’ जसंच्या तसं उतरवलं, वर थोडी नक्षी केली, आणि मग रोलरचं जळकं ऑइल, शेण आणि चिखल एकत्र कालवून सगळ्या दगडाला चोपडलं. पुढे हिमानी मॅडम त्यालाच ‘दीडशे वर्षांच्या उन्हापावसाने आलेली झळाळी’ म्हणणार होत्या. मंत्री आले, गाडीत झोपले होते, गेले. तुटका तुकडा मात्र बैलगाडीवर चढून बाबारावांच्या घरी आला, कारण यमुताईंना कपडे धुवायला चांगला दगड नव्हता.

"सरकारी दगड चोरला म्हनून धरतीन तुमाले," यमुताई म्हणाल्या. "एकाहत्तर वर्षाचे झाले. आता जेलात जाता का?"

आता बघा माणसाची पंचाईत. दगड माझा म्हणावं तर चोर ठरतो, गप्प बसावं तर अज्ञात राहतो. चौतीस वर्षांत बाबारावांनी किती दगड रंगवले असतील याला मोजमाप नाही, सगळ्यांवर दुसऱ्यांच्या गावांची नावं. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याबरोबर एक साहेबही निवृत्त झाले, तर शाल साहेबांना, नारळ साहेबांना, आणि भाषणात ‘आणि आपले इतर कर्मचारी’ असा बाबारावांचा उल्लेख. त्या ‘इतर’ने त्यांना अकरा वर्षं झोपेत टोचलं होतं. ‘अज्ञात’ म्हणजे त्याच्याही वर कडी झाली.

आठवडाभर त्यांनी दम धरला. रविवारी धरवेना.

रविवारी सकाळी हिमानी मॅडम तीस-चाळीस लोकांना घेऊन त्या दगडाशी उभ्या होत्या. शहरातली मंडळी, डोक्यावर टोप्या, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. मॅडम छान बोलत होत्या, अगदी मनापासून. "हा हात बघा! एकही घाव वाया गेलेला नाही. असा कारागीर आज शोधून सापडणार नाही."

"सापडला नं," मागून बाबाराव म्हणाले. "मी हाय थो."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या भल्या बाई होत्या, हीच तर अडचण होती. त्यांनी बाबारावांना पुढे बोलावलं, सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मंडळींकडे वळून म्हणाल्या, "याला लोकस्मृती म्हणतात. वास्तूशी माणसं इतकी एकरूप होतात की ती आपणच घडवली असं त्यांना वाटू लागतं."

"वाटून नाही राहिलं, मॅडम. म्या घडवला. सबूत हाय. याच्या बुडात माहा बिल्ला हाय, खात्याचा, पितळी. आमच्या गँगमधी रिवाजच होता, नवा दगड बसवला का त्याच्याखाली हळद, सुपारी अन् घडवनाऱ्याची काई तरी वस्तू टाकाची. बिल्ला हरपला म्हनून म्या खात्याले खोटा अर्ज देल्ला होता."

रोहित इंजिनिअर बाजूला मोबाईलमध्ये बघत उभा होता. पोरगा कामाचा, मनाचा वाईट नाही. बाबारावांनी त्याला गाठलं.

"उचलून पाहा नं गा एकदा."

"काका, कसा उचलू? संरक्षित झाला नं आता. उचलाले वरून परवानगी लागते."

"मंग माग."

"परवानगी मागाले कारन द्या लागते. खाली काय हाय याचा पुरावा जोडा लागते."

"पुरावा खालीच हाय!"

"हां, तेच तं," रोहित म्हणाला. "टेन्शन नका घेऊ काका. फोटो वर गेला, फाईल बंद झाली. आता देव बी आला तं अज्ञातच राहीन."

बाबाराव तरातरा घरी गेले आणि यमुताईंना ओल्या हातानिशी घेऊन आले. वाटेत काही सांगितलं नाही. दगडापाशी आणून त्यांनी बायकोचा डावा हात धरला, बांगड्या वर सारल्या आणि हात दगडाशेजारी ठेवला.

यमुताईंच्या हातावर लहानपणचं गोंदण होतं. मधे तुळस, दोन बाजूंना दोन पोपट, भोवती ठिपके. डाव्या पोपटाची शेपटी वाकडी. आणि दगडावर मधे तुळस, दोन बाजूंना दोन पोपट, भोवती ठिपके. डाव्या पोपटाची शेपटी वाकडी, अगदी तशीच.

यमुताई बघतच राहिल्या. नवऱ्याने दगड घडवला हे त्यांना माहीत होतं. त्यावर काय कोरलं ते माहीत नव्हतं, कारण दगड बसवताच बाबारावांनी स्वतःच नक्षीवर चुना फासला होता, आणि पुढे दरवर्षी फासत राहिले होते. मैलाच्या दगडावर बायकोच्या हातावरचं गोंदण काढलं म्हणून गँगने चिडवलं असतं.

"कवा केलं हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तू बाळंतपनाले पारशिवनीले गेली होती तवा," बाबाराव दगडाकडे बघत म्हणाले. "करमत नव्हतं."

एवढ्या माणसांत यमुताई लाजल्या. अडुसष्टाव्या वर्षी. पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता? हिमानी मॅडमना तर काय करू आणि काय नको असं झालं होतं. त्यांनी यमुताईंचा हात दोन्ही हातांनी धरला, उन्हाकडे वळवला, बारा फोटो काढले.

"बघितलंत? दगडावरचं चिन्ह लोकांच्या अंगावर उतरलं! दीडशे वर्षं! दिशादर्शक शेपटीसुद्धा जशीच्या तशी जपली आहे!"

"अवं बाई," यमुताई कळवळून म्हणाल्या, "गोंदनारनीनं सुई टोचली अन् म्या हात वढला, म्हनून थे वाकडं झालं. मी आठ वर्षाची होती वं. मले कशाची दिशा?"

"असं तुम्हाला सांगितलं गेलं," मॅडम मायेने म्हणाल्या. "परंपरा नकळतच जपली जाते, मावशी."

बाबारावांनी पक्का पुरावा म्हणून आणला, आणि तो उलटा त्यांच्याच अंगावर आला. आता दगड दीडशे वर्षांचा आहे हे यमुताईंच्या हाताने सिद्ध झालं होतं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी यमुताईंच्या पाया पडून घेतलं.

त्या रात्री बाबारावांनी जेवताना ताट सारलं आणि जाहीर केलं, "मी चोर म्हनून कबूल होतो. आता खरा दगडच दाखोतो."

यमुताईंनी ताट परत त्यांच्यापुढे सरकवलं. पोपट बघितल्यापासून त्यांचा विरोध जरा नरम पडला होता.

निरोप मिळताच मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या, रोहितला घेऊन. चहा घेतला, आलू-पोहे घेतले, मग न्हाणीत वाकून पाहिलं. बाबाराव हात जोडून उभे.

"हा असली दगड. म्या चोरला. शहाऐंशी साली. लिवून घ्या."

मॅडमनी दगडावर पाणी टाकलं, बोटं फिरवली, भिंग लावून पाहिलं. "याच्यावर तर काहीच नाही."

"काहून नाही? अक्षरं होती! यमुने, अक्षरं कुठं गेली वं?"

"वरच्या अंगाले होती," यमुताई अपराधी आवाजात म्हणाल्या. "खरबरीत होती म्हनून मीच थे बाजू वर ठेवली. अक्षरायवर कपडे चांगले निंगते. पन कालांतरानं घासून गेली, बाप्पा. तुमच्या पॅन्टी का कमी मळत होत्या? डांबराच्या!"

म्हणजे दीडशे वर्षं उन्हापावसाला जे जमलं नाही ते बाबारावांच्या पॅन्टींनी करून दाखवलं. दगड आरशासारखा गुळगुळीत झाला होता. मॅडमनी भिंग पर्समध्ये ठेवलं.

"काका, हा कपडे धुण्याचा दगड आहे," त्या म्हणाल्या. "घरोघरी असतो. तुम्ही काहीही चोरलेलं नाही. मनावर घेऊ नका."

रोहितने जाताना खांद्यावर हात ठेवला. बाबारावांना त्या हाताचा असा राग आला की बोलता सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा चोर व्हायला तयार झालो, तर ह्यांनी तेवढीही किंमत दिली नाही!

मग त्यांनी माळ्यावरची टाकी काढली. हातोडी काढली. आणि बुधवारी, भर दुपारी, टॉवरच्या चौकीदारादेखत, साखळी ओलांडून ते दगडापुढे मांडी घालून बसले. लपूनछपून करायचं नव्हतं. स्वतःच्या दगडावर नाव घालायला लपायचं कशाला?

पण हात. शहाऐंशी सालचा हात आता त्यांच्याकडे नव्हता. टाकी घसरायची, घाव भलतीकडे जायचा. जिथे पूर्वी एक ठोका पुरायचा तिथे आता सहा लागत होते, आणि रेघ तरी पोहत्या किड्यासारखी. मनगट दुखून आलं. घाम डोळ्यांत गेला. पोपटांच्या खाली, तुळशीच्या बुंध्याशी, त्यांनी ‘बाबाराव’ पुरं केलं, तेव्हा मागे पोलिसांची गाडी उभी होती.

ठाण्यात नेलं, तर ठाणेदार हसून हसून बेजार झाले. "आजोबा, गुन्हा करून स्वतःचंच नाव कोनी लिवते का? निदान शेजाऱ्याचं तरी लिवाचं!" मग ते गंभीर झाले, कारण मंडळाची तक्रार होती. "पूर्ण नाव सांगा."

बाबाराव खुर्चीत ताठ झाले. "बाबाराव गोविंदा लांजेवार. राहनार बेसा. हुद्दा मुकादम." आणि वर म्हणाले, "काना-मात्रा पाहून लिवा."

वयाकडे बघून समज देऊन सोडलं. पण मंडळ गप्प बसलं नाही. मंडळाची बैठक झाली, ठराव झाला, आणि महिन्याभराने, सोमवारीच, पहिल्या बोर्डाशेजारी दुसरा बोर्ड आला. हा लाल.

त्याच्या आदल्या रविवारी बाबाराव लांब पानठेल्यापाशी उभं राहून ऐकत होते. हिमानी मॅडम मंडळींना नवी अक्षरं दाखवत होत्या. "बघा, किती थरथरती, किती कच्ची. मूळ कारागिराच्या हाताची याला सर तरी येईल का? तो हात कुठे, हा हात कुठे!"

बाबारावांना एकाच वाक्यात शाबासकी मिळाली आणि तोंडातही बसली. कुठली घ्यावी आणि कुठली सोडावी ते कळेना. बाई खोटं बोलली असती तर भांडता आलं असतं. पण आता ती शंभर टक्के खरं बोलत होती. तो हात गेला होता. ज्याने बाळंतिणीच्या आठवणीत पोपट काढले तो तरुण माणूस कुठल्या कुठे निघून गेला होता, आणि त्याला ओळखणारं दुनियेत कुणी उरलं नव्हतं. पानठेल्याच्या बाकावर बसून बाबाराव रडले. पानवाल्याने चुना डोळ्यात गेला का म्हणून विचारलं, तेव्हा हो म्हणाले.

लाल बोर्ड लागल्याचं कळलं तेव्हा यमुताई त्यांना ओढून घेऊन गेल्या. बाबाराव यायला तयार नव्हते. यमुताईंनी बोर्डासमोर उभं राहून एकेका शब्दाखाली बोट फिरवत मोठ्याने वाचलं.

"‘सूचना. बेसा येथील रहिवासी, सेवानिवृत्त मुकादम श्री. बाबाराव गोविंदा लांजेवार यांनी या ऐतिहासिक दगडावर स्वतःच्या हाताने टाकीने कोरीव काम केले आहे. असे कृत्य हा दंडनीय अपराध आहे.’"

बाबाराव पुढे सरकले. "पुन्हा वाच."

यमुताईंनी पुन्हा वाचलं.

"मुकादम लिवलं हाय?"

"हाय."

"श्री. बी?"

"हाव नं. अन् मामाजीचं, तुमच्या बाबाचं, नाव बी आलं."

बाबारावांनी खिशातून चष्मा काढला आणि स्वतः वाचलं. अक्षरात कुठे खोट नव्हती. एक स्कूटरवाला फाटकाशी थांबला होता, त्याने विचारलं, "काय झालं काका? काय लिवलं हाय?"

"थे शेवटची ओळ सोडली तं," बाबाराव म्हणाले, "सगळं खरं लिवलं हाय."

स्कूटरवाला गेला. यमुताई साखळीवरून वाकल्या आणि दगडावरच्या वाकड्या शेपटीवर त्यांनी अंगठा फिरवला, मग खालच्या थरथरत्या ‘बाबाराव’वर. चौकीदाराने शिट्टी मारली. "मावशी, हात नोका लावू, पुरातन हाय!"

"लावतो मी," यमुताई म्हणाल्या. "माहाच हाय."

मग त्यांनी नवऱ्याचा कापरा हात धरला आणि त्याला रस्त्याला लावलं. "चला आता घरी. कपडे भिजवून आली मी."